विचारून घेतलेलं हसू

लोक मला चाचांचा दोस्त समजतात. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलीने पहिला फोन मला केला होता. कब्रस्तानात गेलो तर चार माणसांनी बाजूला सरून मला पुढे जागा करून दिली. "सरको, चाचा के दोस्त हैं." मी पुढे झालो, मूठभर माती टाकली, हात झटकले. मी दोस्त नाही असं म्हणायला तेव्हा जीभ उचलली नाही. आता लिहायला बसलोय तर आधी त्यांच्याबद्दल लिहिणार आणि माझं मागे ठेवणार, हेही माझ्या लक्षात आलंय. पळपुटेपणा एकदा अंगात मुरला की तो लिहिण्यातही उतरतो.

अकोल्यात जठारपेठेकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं कटपीसचं दुकान होतं. कटपीस म्हणजे कापडाचा तागा, म्हणजे थान, संपताना उरलेले तुकडे. कशाचा झंपर होतो, कशाची उशीची खोळ, कशाचं काहीच होत नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात थानातून फाडून घेणारी गिऱ्हाइकं आटली होती, कटपीस मात्र चालायचा. दुकानात पुढे कापड, मध्ये पडदा, आणि पडद्यामागे एक कॉम्प्युटर, दोन मोठे स्पीकर आणि आखातातून आणलेली एक काळी पेटी. त्या पेटीत कुठलाही आवाज भरला की बटण दाबल्यावर तोच परत यायचा. पडद्याच्या अलीकडे ते कापड कापत, पलीकडे आवाज. गिऱ्हाईक आलं की कानावरचा हेडफोन गळ्यात यायचा आणि गळ्यातली टेप हातात.

आखातात त्यांनी चौदा वर्षं शिवणकाम केलं. त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तबकड्यांचं दुकान होतं आणि छतातून दिवसभर ठोका यायचा. आधी डिस्को, मग पुढे 'हाउस' नावाचं नाचाचं संगीत. "मी एक दिवस वर गेलो," ते सांगत. "पुसलं, हे कोन गाऊन राहिलं? तं तो पोट्टा म्हने, कोनी गात नाही चाचा, जुन्या रेकॉडचे तुकडे कापून जोडले हायत, खालून ठोका देल्ला हाये. मी म्हटलं, अबे, मंग हे तं माह्यंच काम हाये!" एका मिनिटाला एकशेवीस ठोके. शिलाई मशीनवर त्यांचा पाय उभा जन्म याच चालीने चालला होता, त्यामुळे शिकायला काही वेळ लागला नाही. परत येताना लोक सोनं आणतात, यांनी ती पेटी आणली. त्यांची बेगम आल्यागेल्याला ती पेटी दाखवायची आणि म्हणायची, "ये देखो, मेरे कंगन."

मी पहिल्यांदा त्यांचं गाणं ऐकलं तेव्हा मला वाटलं सीडी अडकली. कोणीतरी अर्धाच शब्द बोलत होतं, पुन्हा अर्धाच, पुन्हा अर्धाच, आणि खाली धप धप धप धप चालू. मी तसं म्हणालोही. ते बेहद्द खूश झाले.

"अडकलीच हाये! मानूस बी अडकल्यावरच नाचते. सरळ चालनारा कधी नाचतानी पाह्यला का तुमी?"

अशी वाक्यं त्यांच्याकडे तयार असायची. माझ्या पगाराबद्दल मी कुरकुर केली की म्हणत, "पुरं थान कोनाच्या नशिबात असते, सायेब? कटपीसमदीच झंपर बेतायचा असते." दोन तुकड्यांमधला सांधा इतका उघडा का ठेवता, असं मी एकदा विचारलं. त्यावर ते कात्री खाली ठेवून म्हणाले, "शिलाई लपवू नोका. लपवली का आपल्याले वाटाले लागते, हे पहिल्यापासून आपलंच होतं."

आता त्यांच्या खऱ्या वेडाकडे येतो. ते विचारल्याशिवाय आवाज घेत नसत. नुसतं विचारत नसत, तीनदा विचारत.

"पहिल्या बारीले मानूस भिडंनं हो म्हनते. दुसऱ्या बारीले हौसेनं. तिसऱ्या बारीले म्हनलं तेच खरं. निकाहात काहून तीनदा पुसतात? येडे हायत का ते लोक?"

अमरावती-अकोला गाडीच्या एका कंडक्टरची घंटी त्यांना आवडली. दोरी ओढताना तो मनगटाला एक झटका द्यायचा आणि टिंग न वाजता टि-टिंग वाजायचं. चाचांनी त्याला पहिल्यांदा बडनेऱ्याला विचारलं, दुसऱ्यांदा मूर्तिजापूरला. तो वैतागला. "चाचा, घंटी माह्यी नाही, सरकारची हाये!" हे म्हणाले, "घंटी सरकारची, पन झटका तं तुमचा हाये नं?" बोरगावला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो हात जोडून हो म्हणाला, आणि मग अकोल्यापर्यंत प्रत्येक थांब्याला जास्तच झोकात दोरी ओढत आला. एकाची बकरी घेतली तर बकरीच्या मालकाला विचारलं. कावळा मात्र त्यांच्या एकाही गाण्यात नाही, कारण कावळ्याचा मालक सापडला नाही.

जुन्या तबकड्यांचं काय, असं मी त्यांना खिजवायचो. त्या तबकडीवरच्या बाईला कुठे विचारता तुम्ही? तर त्यांनी खरंच पत्रं लिहिली होती. तबकडीच्या पाठीवर जो पत्ता असेल त्या पत्त्यावर, उर्दूत, आणि खाली माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलेलं. वीस-पंचवीस पत्रं गेली असतील. उत्तर एकच आलं. ऐन तरुणपणी एकच डिस्को गाणं गायलेली एक बाई आता कुठल्याशा शाळेत संगीत शिकवत होती. तिने अंतर्देशीय पत्रावर लिहिलं होतं, आवाज खुशाल घ्या, पण माझं नाव घालू नका, मुलीचं लग्न व्हायचंय. चाचांनी ती तबकडी फडक्यात गुंडाळून परत ठेवून दिली. नाव नाही तर आवाज नाही, हा त्यांचा दुसरा नियम होता.

कारण नावं ते छापत. वर्षाकाठी शे-सव्वाशे सीडी काढायचे, त्यांना ते हट्टाने 'रेकॉड'च म्हणत, आणि प्रत्येकीला कटपीसची पिशवी स्वतः शिवत. एक पिशवी दुसरीसारखी नसे. आत एक चिठ्ठी असायची. 'ठोका' या शब्दापुढे त्यांचं नाव. त्याच्या खाली ज्यांचे तुकडे घेतले त्यांची नावं आणि गावं. सगळ्यात शेवटी, 'सर्व विचारून घेतले.'

या सीडी ते लग्नात वाजवणाऱ्या डीजेवाल्यांना देत. एकदा बडनेऱ्याला स्टेशनबाहेरून वरात चालली होती आणि चाचांचं गाणं लागलं. त्यात फलाटावरच्या एका चहावाल्याची आरोळी होती. तो चहावाला नेमका तिथेच किटली घेऊन उभा. आधी तो भांबावला, मग त्याने किटली जमिनीवर ठेवली आणि वरातीत शिरला. "हा मी होय! अबे, हा मीच होय!" असं ओरडत तो नवरदेवापेक्षा जास्त नाचला. चाचा रस्त्याच्या पलीकडे भिंतीला टेकून उभे होते. नाचत नव्हते. त्यांचा उजवा पाय मात्र मशीनच्या पायट्यावर असल्यासारखा हलत होता. परतीच्या गाडीत म्हणाले, "पाह्यलं नं? इचारून घेतलं का मानूस आपल्याच आवाजावर नाचते."

आता माझं.

मी तेव्हा एका संस्थेत नोकरीला होतो. कापूस पिकवणाऱ्या बायांच्या गावोगावी जाऊन मुलाखती टेप करायच्या आणि त्यातून शेतीच्या माहितीच्या कॅसेट बनवायच्या, असं काम. टेपमधली खरखर चाचा काढून देत, म्हणून त्यांची माझी ओळख. संस्थेत सगळे मला सर म्हणत आणि मला ते आवडायचं.

दर्यापूरकडच्या एका गावात, वेचणीच्या दिवसांत, मी एका बाईची मुलाखत घेतली. असेल पंचवीस-सव्वीसची. कमरेला कापसाची ओटी, शेजारी बांधावर पाचेक वर्षांची मुलगी. मी माईक तिच्या तोंडासमोर धरला तशी ती मागे सरकली. मी आणखी पुढे केला. तेव्हा ती म्हणाली, "घास भरवून राह्यले का भाऊ?" आणि हसली. ते हसू तीन पायऱ्या चढायचं, चौथीवर श्वास अडकायचा, आणि मग एकदम घरंगळत खाली यायचं. पलीकडच्या ओळीत तिचा नवरा वेचत होता, तोही हसायला लागला. तो टेपमध्ये लांबून ऐकू येतो.

चाचांनी ते खरखर काढता काढता ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिले. "सायेब, हे कोन हाये? हे मले पाह्यजे." त्या अडीच सेकंदांभोवती त्यांनी आठ दिवसांत अख्खं गाणं बेतलं. ते त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं. हे मी आजही म्हणतो. हसू तीन पायऱ्या चढायचं आणि जिथे श्वास अडकतो तिथेच ते कापायचे. खालचं घरंगळणं शेवटपर्यंत द्यायचेच नाहीत. ऐकणारा माणूस त्या घरंगळण्याची वाट बघत नाचत राहायचा, आणि अगदी शेवटी, ठोका थांबल्यावर, ते सोडायचे.

पण विचारल्याशिवाय ते दुकानाबाहेर जाणार नव्हतं, आणि विचारायला कोण जाणार? नेहमी ते स्वतः जात. नेमकं तेव्हा त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उन्हात नि धुळीत जायची बंदी. त्यांनी चार दिवस विचार केला आणि मग मला म्हणाले, "तुमी जाता का? तुमची तं वळख हाये. पन तीनदा पुसजा. नवरा घरी असन तं त्याच्यासमोर पुसजा. नाव टाकतो म्हनून सांगजा."

मी हो म्हणालो. मे महिना होता. मी स्टँडवर गेलो, दर्यापूरची गाडी लागायला वेळ होता, कॉलेजातला एक मित्र भेटला, त्याच्या घरी कूलर होता आणि टीव्हीवर क्रिकेटची मॅच. एवढंच. कारण सांगण्यासारखं असतं तर निदान आज इथे लिहायला तरी बरं झालं असतं. मॅच संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी सरळ दुकानात आलो.

"पुसलं?" डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते बसले होते.

"पुसलं."

"तीनदा?"

"तीनदा."

"काय म्हने?"

इथे मी नुसतं 'हो म्हणाली' म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला सजावटीची फार हौस. मी म्हणालो, "हसली. म्हणाली, घ्या नं बाप्पा, हसण्याले का पैसे लागतात?" ते वाक्य चाचांना इतकं आवडलं की पुढे महिनाभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. तिचं म्हणून. वाक्य माझं होतं, मॅच बघून आलेल्या माणसाचं.

पोळ्याच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याने औषध घेतलं. त्या वर्षांत आमच्याकडे 'औषध घेतलं' एवढंच म्हणत, कुठलं आणि कशासाठी हे कोणी विचारत नसे. आमच्या संस्थेत अशी नावं रोज यायची. मी ते नाव वाचलं, गाव वाचलं, ओळखलं. चाचांकडे तेव्हा सीडी तयार होत्या, पिशव्या शिवून झाल्या होत्या, वाटायच्या मात्र बाकी होत्या. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हटलं असतं तर चाचा लगोलग भेटायला गेले असते, आणि तिथे गेल्यावर माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी बोललो नाही. दिवाळीनंतर सीडी गेल्या.

तुळशीचं लग्न झालं आणि वराती निघाल्या. ते गाणं अकोल्यापासून अमरावतीपर्यंत उचललं गेलं. डीजेवाल्यांनी एकमेकांकडून उतरवून घेतलं, रिक्षावाले वाजवायला लागले. आणि मार्गशीर्षात एक दिवस ती बाई आपल्या भावाला घेऊन दुकानात आली. मी तिथेच बसलो होतो. कपाळ मोकळं होतं, म्हणून मी तिला लगेच ओळखलं नाही. तिने पदराखालून एक पिशवी काढून गादीवर ठेवली. चाचांनी शिवलेली.

"हे तुमीच बनवलं का?"

चाचा उठून उभे राहिले. "मीच, माय. बस."

ती बसली नाही. भावाने सांगितलं ते असं. शेजारच्या गावाहून त्यांच्या गावात वरात आली, हे गाणं वाजलं, आणि गावाने तिचं हसू ओळखलं. बायांनीच आधी ओळखलं. कोणीतरी डीजेवाल्याकडून पिशवी मागून आणली, चिठ्ठी वाचली. तीत हिचं नाव, गावाचं नाव, आणि खाली 'सर्व विचारून घेतले'. मग बोलणं सुरू झालं. नवरा जाऊन तीन महिने नाही झाले आणि ही डीजेवर हसून राह्यली. इचारून घेतलं म्हंतात, मंग कवा इचारलं? कोन आलं होतं इचाराले? हिनं अकोल्याले जाऊन भरून देल्लं का? थोरल्या दिराने सांगितलं होतं, असल्या बाईला घरात ठेवणार नाही, आपली पोर घे आणि माहेरी जा. भावाच्या घरात आधीच सात माणसं होती.

चाचांचा चेहरा मी पहिल्यांदा तसा पाहिला. नवरा गेल्याचं त्यांना आत्ताच कळत होतं. ते मला काही विचारतील असं वाटलं, पण ते तिलाच म्हणाले, "माय, हे सायेब उन्हाळ्यात आले होते नं तुह्याकडे? तुले तीनदा पुसलं होतं नं यायनं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तिने तोंड उघडायच्या आत मीच बोललो. काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अहो वहिनी, आठवत नाही का? मे महिन्यात आलो होतो. तुम्ही अंगणात होता. मुलगी झोपली होती."

मुलगी झोपली होती. हे कुठून सुचतं माणसाला?

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, खोटं आहे. तसं म्हणाली असती तर मी कबूल केलं असतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आलो. पण तिने हळूहळू मान खाली घातली. "असन भाऊ," ती म्हणाली. "आले असान तुमी. ते गेले तवापासून मले आदलं काई याद नाही राह्यत. म्हटलं असन मी हो."

माझ्या एका वाक्यावर तिने स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास सोडून दिला. इतकं सोपं होतं ते. आणि मला, खरं सांगतो, त्या क्षणी हायसं वाटलं.

चाचांनी पिशवी उचलून उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "माय, तू घरी जा. अन् सगळ्यायले सांग, का मले कोनी पुसलंच नाही. मले काई मालूम नाही. उद्या मी येतो, बाकीचं मी पाह्यतो."

"पन चाचा, मी हो म्हटलं असन तं मंग खोटं कसं बोलू?"

"तू नोको बोलू. तू नुसती चूप राह्य. मी बोलतो खोटं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना माझ्या मोटरसायकलवर घेऊन गेलो. मीच म्हणालो, मी येतो. नाही गेलो तर संशय येईल, हे एक कारण होतं, आणि त्यांना एकट्याला तिथे जाऊ द्यायची हिंमत नव्हती, हे दुसरं. दुसरं कारण पहिल्याहून मोठं होतं असं मला म्हणायचंय, पण खात्री नाही.

मारोतीच्या पाराशी पंधरा-वीस माणसं जमली होती. ती समोरच्या घराच्या दारात, चौकटीच्या आत उभी होती. चाचांनी ऑपरेशनपासून वापरत तो काळा चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि उन्हात डोळे मिचकावत उभे राहिले.

"मी चोर हावो," ते म्हणाले. "या सायबानं कापसाच्या पराटीच्या बांधावर टेप भरली होती, शेतीच्या कामासाठी. नवरा हयात होता तवाची गोष्ट हाये. ते टेप साफ कराले माह्याकडे आली. त्याच्यातून मी या माऊलीचं हासनं चोरलं. तिले पुसलं नाही. चिठ्ठीवर पुसून घेतलं म्हनून लिवलं, ते बी खोटं. तिचा काई दोस नाही."

दारातली बाई हलली नाही. पारावर एकदम गलका झाला. कोणीतरी म्हणालं, "मियाँ, आमच्या गावच्या बाईचा आवाज चोरून लोकायले नाचवतं का?" आणि एका तरुणाने पुढे येऊन चाचांच्या कानशिलात मारली. टोपी पडली. साठी उलटलेला माणूस. थोरल्या दिराने त्या पोराला मागे ओढलं, पण म्हणाला, "असं नाही सोडनार. नाक रगडा मारोतीसमोर. अन् हे गानं पुन्हा वाजलं नाही पाह्यजे."

चाचा गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात टेकले, आणि पाराच्या फरशीवर नाक घासलं. एकदा घासलं असतं तरी भागलं असतं. कोणी थांबवलं नाही म्हणून ते घासत राहिले.

मी गाडीचं हँडल धरून उभा होतो. गाडी स्टँडवर लावलेली होती, धरायची गरज नव्हती. थोरला दीर माझ्याकडे वळला. "काहो सायेब, तुमाले मालूम होतं का हे?"

मी काही बोलायच्या आत चाचांनी मान वर केली. "त्यायले काई मालूम नाही. ते शरीफ मानूस हायत."

दीर तरीही माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "नाही. मला माहीत नव्हतं."

"मंग बाईचा दोस नाही," दीर म्हणाला. दारातली बाई आत गेली. ती त्या घरातच राहिली, पुढे मुलगी शिकली, हे मला नंतर संस्थेतल्या एकाकडून कळलं. तिला घर मिळालं ते चाचांच्या नाकामुळे.

त्यानंतर चाचा लग्नाच्या सीझनभर वरातींच्या मागे फिरले. जिथे ते गाणं लागेल तिथे हात जोडून बंद करायला सांगत. कोणी ऐकत, कोणी ढकलून देत. स्वतः दिलेल्या सीडी त्यांनी बहुतेक परत मिळवल्या, पण उतरवून घेतलेल्या कोण मोजणार? पडदा त्यांनी काढून टाकला आणि तिथेही कापडाचे रॅक लावले. दुसरं गाणं त्यांनी केलं नाही. मी अधूनमधून जाऊन बसायचो. लोकांनी त्याला दोस्ती म्हटलं.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या परतीच्या वाटेचं. गावाबाहेर पडल्यावर मी गाडी सावकाश चालवत होतो. पूर्णेच्या पुलावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, थांबा म्हणून. मी गाडी बाजूला घेतली. माझ्याकडच्या बाटलीतलं पाणी घेऊन त्यांनी तोंड धुतलं. नाकाचा शेंडा सोलवटला होता, पाणी लागलं तसे ते कळवळले. मी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला. मी तोंड उघडलं. आता सांगायचंच, असं खरंच ठरलं होतं माझं. पहिला शब्द ओठांवर होता.

तेवढ्यात तेच म्हणाले, "सायेब, जिंदगीत पह्यल्यांदा चार लोकायत खोटं बोललो. अल्ला पाहून घेईन माह्यं. पन तुमचं वाईट वाटून राह्यलं मले."

"माझं?"

"तुमी उन्हातान्हाचे तेवढ्या दूर गेले. तीनदा पुसून आले. इतकं इमानदारीचं काम केलं, अन् मी आज ते सगळ्यायसमोर खोटं पाडलं. पुसलंच नाही म्हनलं. तुमच्या मेहनतीवर पानी फेरलं." त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांची बोटं अजून ओली होती. "मले माफ करान का?"

खालून पूर्णा वाहत होती. मागून एक ट्रक आला, हॉर्न वाजवत निघून गेला. तो जाईपर्यंत मला वेळ होता.

मी म्हणालो, "जाऊ द्या चाचा. मी माफ केलं."